थंडींत रुसलेलें इंजिन



मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत आमच्या नाशकास पहाटे जाग येते ती कोंबड्याच्या आरवण्यानें नव्हे. कोठल्या तरी वाड्याच्या अंगणांत कोणी तरी जुन्या स्कूटरला किक मारीत असतो, आणि स्कूटरच्या पोटांतून दर किकेला नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज निघतो. दहा-बारा किका झाल्या कीं तो गृहस्थ गाडी एका अंगावर कलती करतो, पुन्हा उभी करतो, पुन्हा किक मारतो. मग घरांतून विचारणा होते, "रिक्षाच कां नाहीं बोलावीत?" हा प्रसंग हल्लीं पूर्वीइतका घडत नाहीं, कारण २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्या बाजारांतून मागें पडल्या. तरीहि वडिलांची स्कूटर म्हणून घरांतल्या दागिन्यासारखी जपून ठेवणारीं घरें नाशकांत, पुण्यांत, कोल्हापुरांत अजून आहेत. शिवाय गवत कापण्याचें यंत्र, पाठीवर बांधून औषध फवारण्याचा पंप, झाडें तोडण्याची यांत्रिक करवत, यांपैकीं कित्येकांच्या पोटांत हेंच लहानसें इंजिन आहे.

मी यंत्रशास्त्र शिकलेला मनुष्य नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत मास्तर झालों आणि मास्तर म्हणूनच निवृत्त झालों. स्कूटरसाठीं नांव नोंदवून सहा वर्षें वाट पाहिल्यावर १९८७ सालीं ती माझ्या दारांत आली. जें कांहीं शिकलों तें तिच्याशीं झटापट करून, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीं बसणाऱ्या एका मेकॅनिकच्या बाकावर पुष्कळ रविवार घालवून. त्या शिक्षणास आरंभ कसा झाला तें आधीं सांगतों, म्हणजे मी या विषयावर इतका कां बोलतों हें कळेल.

१९९४ च्या जानेवारींतली गोष्ट. धाकट्या मुलीला रात्रभर दम लागलेला होता. पहाटे साडेचारच्या सुमारास तिचे ओठ निळसर दिसूं लागले, तेव्हां पत्नीनें तिला शालींत गुंडाळलें आणि मी गाडी काढली. बाहेर पारा आठ-नऊ अंशांवर असावा. मीं चोक ओढला आणि किक मारूं लागलों. गाडी सुरू होईना. घाबरलेला मनुष्य करतो तेंच मीं केलें: चोक तसाच ओढलेला ठेवून तीस-चाळीस किका मारल्या. शेवटीं शेजारच्या रिक्षावाल्यास उठवून आम्ही दवाखान्यांत पोंचलों. मुलगी बरी झाली, आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे. परंतु दुपारीं मेकॅनिकनें प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला, तो पेट्रोलनें निथळत होता. "मास्तर, पांचव्या किकेला थांबला असतात तर दोन मिनिटांचें काम होतें," एवढेंच तो म्हणाला. तें वाक्य मला अजून बोंचतें.

आतां या इंजिनाची रचना थोडक्यांत पाहूं, कारण तिच्यावांचून पुढचें कांहींच उलगडणार नाहीं. आजच्या बहुतेक मोटारींच्या इंजिनांत हवा व पेट्रोल आंत घेण्यास आणि जळका धूर बाहेर टाकण्यास झडपा असतात, आणि पिस्टनच्या चार धांवांत एकदां स्फोट होतो. आपल्या लहान इंजिनांत तशा झडपा नाहींत. सिलिंडरच्या भिंतींतच भोकें ठेवलेलीं असतात आणि पिस्टन वरखालीं होतांना तीं झाकतो व उघडतो. पिस्टन वर गेला कीं त्याच्या खालच्या बंद पेटींत, जिला क्रँककेस म्हणतात तींत, पोकळी होऊन हवा-पेट्रोलचें मिश्रण ओढलें जातें. तो खालीं आला कीं तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटेनें वर सिलिंडरांत चढतें आणि जळका धूर पुढें ढकलतें. म्हणजे एकच पिस्टन वरच्या अंगानें इंजिनाचें काम करतो आणि खालच्या अंगानें भात्याचें. ही युक्ति इंग्लंडांत बाथ येथील जोसेफ डे यानें १८९१ च्या सुमारास सिद्ध केली. इटलींत १९४६ सालीं व्हेस्पा निघाली तींत हेंच इंजिन होतें, आणि आपल्याकडे आकुर्डीस पुढें ज्या लाखों स्कूटरी तयार झाल्या त्याहि याच वंशाच्या.

या रचनेचा एक परिणाम असा कीं, क्रँककेस मिश्रणाची वाट असल्यामुळें तींत चार-स्ट्रोक इंजिनाप्रमाणें तेल भरून ठेवतां येत नाहीं. म्हणून वंगणाचें तेल पेट्रोलांतच कालवावें लागतें. पेट्रोल आलें तर तेल आलें, पेट्रोल कमी पडलें तर तेलहि कमी पडलें. हें सूत्र ध्यानांत असूं द्यावें. पुढें त्यावरच पुष्कळ कांहीं अवलंबून आहे.

थंडी या इंजिनास काय करते? पेट्रोल पातळ स्थितींत पेट घेत नाहीं, त्याची वाफ पेट घेते. आणि पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या व जड अशा अनेक द्रवांचें तें मिश्रण आहे. उन्हाळ्यांत त्यांतील बहुतेक भाग उडून हवेंत मिसळतात. थंडींत हलका भाग तेवढा उडतो आणि उरलेला थेंबांच्या रूपानें गार धातूवर चिकटून बसतो, जशी गार झाकणावर आमटीची वाफ. चार-स्ट्रोक इंजिनांत ही गार वाट आंखूड असते. आपल्या इंजिनांत मिश्रणास प्रथम क्रँककेसच्या गार, रुंद पेटींतून हिंडून यावें लागतें, म्हणून त्यास थंडी अधिक बाधते. वर ठिणगीपर्यंत पोंचतें तें पातळ, अर्धपोटीं मिश्रण. खालीं मात्र पेट्रोल सांचत राहतें, आणि तें नंतर आपला सूड उगवतें.

दुसरी गोष्ट हवेची. थंड हवा जड असते. तापमान ३० अंशांवरून ८ अंशांवर आलें कीं तेवढ्याच जागेंतल्या हवेचें वजन सुमारें ८ टक्क्यांनीं वाढतें. जड हवेचा ओढाहि जास्त, म्हणून कार्बुरेटर थोडें अधिक पेट्रोल आपोआप सोडतो. परंतु ही भरपाई अर्धीच होते. म्हणजे मे महिन्यांत बरोबर जुळवलेलें मिश्रण जानेवारींत सुमारें ४ टक्क्यांनीं पातळ झालेलें असतें.

यांत हल्लीं आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२३ पासून आपल्याकडे पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. आपल्याच उसाच्या मळीचें व धान्याचें तें अपत्य, त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु जुना कार्बुरेटर ज्या काळीं जुळवला गेला त्या काळीं तें नव्हतें. निव्वळ पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठीं वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच भाग पुरते. म्हणून या मिश्र इंधनास सुमारें साडेतेरा भाग हवा पुरते. जुनें जेट मात्र पूर्वीइतकेंच इंधन सोडतें. हिशेब केला तर मिश्रण आणखी सात-आठ टक्क्यांनीं पातळ होतें. थंडीचे चार त्यांत मिळवा, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक उणीव झाली. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि पहाटेच्या गार कार्बुरेटरांत ती उष्णता आणावयाची कोठून?

तिसरी गोष्ट किकेची. गार तेल घट्ट होतें, म्हणून किक मंद बसते. पुष्कळ जुन्या स्कूटरांत ठिणगीसाठीं बॅटरी नसते. फिरत्या चाकांतल्या मॅग्नेटोवर ती उत्पन्न होते. चाक हळू फिरलें तर ठिणगी दुबळी. म्हणजे ज्या वेळीं मिश्रण पेटण्यास जड, नेमकी त्याच वेळीं ठिणगीहि मलूल.

चोक हा या सर्वांवरचा उपाय. तो ओढला कीं इंजिनास अधिक घट्ट मिश्रण मिळतें, आणि पुष्कळसें भिंतींवर चिकटून वायां गेलें तरी पेटण्यापुरती वाफ वर पोंचते. गाडी कलती करण्याचा जो मंत्र आहे, त्याचें मर्महि माझ्या समजुतीप्रमाणें हेंच. कार्बुरेटरांत एक लहान हौद असतो. गाडी कलली कीं त्यांतल्या पेट्रोलची पातळी एका बाजूस चढते आणि थोडें पेट्रोल वाटेंत सांडतें. तो गरिबाचा चोक होय. मंत्रांत वाईट कांहीं नाहीं. परंतु चोक ओढूनहि जी गाडी कलती केल्याशिवाय सुरूच होत नाहीं, तिचा चोक काम करीत नाहीं, किंवा हौदांतली पातळी खालीं गेली आहे, किंवा आंतलें बारीक जेट तुंबलें आहे असें समजावें. मीं दोन हिवाळे गाडी कलती करण्यांत घालवले. चोकची तार तुटलेली होती, एवढाच काय तो दोष निघाला.

आतां गाडी रुसली असतां काय पाहावें? माझा अनुभव असा कीं, माणसें आधीं कार्बुरेटर खोलतात आणि मग पस्तावतात. आधीं प्लग काढावा. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. वैद्य जीभ पाहिल्याशिवाय काढा देत नाहीं.

चार-सहा किकांनंतर प्लग अगदीं कोरडा निघाला तर पेट्रोल वर येतच नाहीं. कॉक उघडा आहे काय, टाकीच्या झाकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे काय, गाळणी तुंबली आहे काय, हें क्रमानें पाहावें. प्लग ओलाचिंब निघाला तर माझ्या त्या पहाटेसारखी गत आहे. पेट्रोल फाजील झालें. अशा वेळीं कॉक बंद करावा, चोक आंत ढकलावा, प्लग बाहेर असतांनाच अॅक्सिलेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका माराव्या, म्हणजे पोटांत सांचलेलें पेट्रोल उडून जातें. प्लगची टोपी या वेळीं दूर बाजूस ठेवावी, कारण भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि एक ठिणगी आग लावण्यास पुरे. प्लग स्वच्छ फडक्यानें कोरडा करावा. उन्हांत अथवा सोसेल इतक्या तव्याच्या उबेवर तो थोडा कोमट केला तर उत्तमच. मग तो बसवून, चोकविना, अॅक्सिलेटर पिळूनच किक मारावी. बहुधा तिसऱ्या-चौथ्या किकेस इंजिन थोडें धुसफुसतें आणि निळा धूर ओकून सुरू होतें. त्या वेळीं कॉक उघडण्यास विसरूं नये, नाहीं तर चौकापर्यंत जाऊन गाडी बंद पडते व लोक हंसतात.

प्लग ओला आहे आणि वरील उपायानेंहि दाद नाहीं, तर ठिणगी तपासावी. प्लगला टोपी लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या डोक्यावर, परंतु प्लगच्या भोकापासून दूर टेकवावा आणि किक मारावी. निळी, चट् असा आवाज करणारी ठिणगी पडली तर ठीक. पिंवळी-तांबडी, रेंगाळणारी पडली तर ती इंजिनांतल्या दाबाखालीं पडेलच असें नाहीं. प्लगच्या दोन टोकांमधली फट माझ्या गाडीस सुमारें ०.६ मिलिमीटर लागते. लोखंड कापण्याच्या हॅक्सॉचें पातें जवळजवळ तेवढेंच जाड असतें, तेंच माझें माप. कधीं कधीं या फटींत काजळीचा केसासारखा तंतु अडकून बसतो. डोळ्यास तो दिसेनासा असतो, परंतु सारी वीज त्यावाटे निघून जाते. नखानें तो उडवला कीं मेलेली गाडी जिवंत होते, आणि बघणारांस मास्तरांनीं चमत्कार केला असें वाटतें. ज्या गाड्यांत पॉइंट आहेत तेथें पहाटेच्या दवानें त्यांवर ओल धरते; बारीक कागदानें पुसून, फट सुमारें ०.४ मिलिमीटर ठेवावी. कंडेन्सर बिघडला असेल तर पॉइंट वारंवार जळके दिसतात, आणि त्यास बदलण्यावांचून उपाय नाहीं.

प्लगच्या रंगाविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. पांच-सहा किलोमीटर गाडी चालवून, उतारावर नव्हे तर भर चालींत असतांना बंद करून, प्लग काढावा. भाजलेल्या गव्हासारखा तपकिरी रंग असेल तर इंजिन सुखी आहे. काळी, कोरडी काजळी असेल तर मिश्रण घट्ट होत आहे: चोक अर्धवट ओढलेला राहिला असेल किंवा हवेचा फिल्टर धुळीनें आणि तेलानें बुजला असेल. अशा वेळीं इंजिन एका आड एका फेरींतच पेट घेतें आणि त्याचा आवाज गडगडल्यासारखा तुटक येतो. आणि प्लग जर पांढरा फटफटीत, खडूसारखा निघाला, तर मात्र गाडी तेथेंच उभी करून विचार करावा. काळा प्लग गैरसोय करतो, पांढरा प्लग घात करतो.

तो कसा, हें सांगण्यासाठींच मुख्यत्वें हा विषय मीं घेतला. मिश्रण पातळ झालें कीं इंजिन अधिक तापतें. आणि मघां सांगितल्याप्रमाणें पेट्रोल कमी म्हणजे तेलहि कमी. उष्णता वाढली आणि वंगण घटलें, अशा दुहेरी संकटांत पिस्टन फुगून सिलिंडरांत जाम बसतो. त्याला मेकॅनिक लोक इंजिन सीझ झालें म्हणतात. मागचें चाक त्याबरोबर जागच्या जागीं अडकतें. माझ्या एका सहकारी शिक्षकांवर कसाऱ्याच्या घाटांत हा प्रसंग आला. लांब उतार, अॅक्सिलेटर मिटलेला, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर वेगानें फिरतें आहे. मिटलेल्या अॅक्सिलेटरमधून तेल येणार कोठून? चाक अडकलें, गाडी आडवी झाली, आणि त्यांचें मनगट मोडलें. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आम्ही त्यांस परत पाहिलें. तेव्हांपासून उतारावर मी डाव्या हाताचीं दोन बोटें क्लचवर ठेवतों आणि अधूनमधून अॅक्सिलेटर किंचित पिळून इंजिनास तेलाचा घोट देतों. इंजिन कण्हूं लागलें, वेग आपोआप पडूं लागला, कीं तत्क्षणीं क्लच दाबावा. चाक मोकळें होतें.

पुष्कळ सज्जन या भीतीनें टाकींत तेल जास्त ओततात. "थंडी आहे, दोन टोपणें अधिक असूं द्या," हें मीं किती तरी वेळां ऐकलें आहे. ही मोठी फसगत आहे. जेटच्या छिद्रांतून ठराविकच द्रव जातो. त्यांत तेल अधिक झालें म्हणजे तेवढें पेट्रोल कमी झालें, आणि मिश्रण आणखी पातळ झालें. शिवाय घट्ट तेल थंडींत नीट मिसळत नाहीं. थेट टाकींत ओतलें तर तें तळाशीं जाऊन बसतें, आणि पहाटेचा पहिला घोट इंजिनास जवळजवळ निव्वळ तेलाचा मिळतो. पुस्तिकेंत सांगितलें असेल तेंच प्रमाण धरावें. माझ्या गाडीस लिटरला २० मिलिलिटर आहे. आधीं एका डब्यांत थोड्या पेट्रोलांत तेल कालवून, हलवून, मग टाकींत ओतावें.

इथेनॉलचें पेट्रोल टाकींत महिनोन् महिने पडूं देऊं नये, हेंहि याच संदर्भांत. इथेनॉल हवेंतलें पाणी शोषून घेतें. थोडें पाणी तें पोटांत ठेवतें, परंतु थंडी वाढली कीं त्याची ही शक्ति घटते आणि पाणी व इथेनॉल मिळून खालीं वेगळा थर होतो. वंगणाचें तेल राहतें वरच्या पेट्रोलांत. कॉक ओढतो तो खालचा थर. म्हणजे इंजिनाच्या पोटीं जातें तें पेटण्यास नालायक आणि वंगणाविरहित पाणी. संशय आल्यास थोडें पेट्रोल कांचेच्या बरणींत काढून पंधरा मिनिटें स्थिर ठेवावें. दोन थर दिसले तर सर्व टाकी रिकामी करावी, तें पेट्रोल वांचवण्याचा लोभ धरूं नये. जुन्या नळ्याहि या इंधनानें फुगतात किंवा चिकट होतात. त्या बदलणें स्वस्त पडतें. जाणत्या मेकॅनिकच्या सल्ल्यानें मेन जेट एका क्रमांकानें मोठें बसवलें तर हिवाळ्यांतली उणीव बरीच भरून निघते; मात्र नंतर प्लगचा रंग पाहिलाच पाहिजे.

जेट तुंबलें असेल तर तें तोंडाच्या फुंकरीनें किंवा पंपाच्या हवेनें साफ करावें. फार तर विजेच्या तारेंतला तांब्याचा एक धागा वापरावा. टांचणी घालणाऱ्या माणसास मी माझ्या गाडीजवळ येऊं देत नाहीं. पितळेच्या छिद्राचें माप एकदां वाढलें कीं तें पूर्ववत् होत नाहीं.

एक दोष असा आहे कीं तो कार्बुरेटर शंभर वेळां धुऊनहि जात नाहीं. क्रँककेस हा भाता आहे असें मीं म्हटलें. भात्यास भोक पडलें तर? क्रँकच्या दोन्ही टोकांस रबरी सीलें असतात. वयोमानानें तीं कडक होतात, आणि थंडींत रबर आणखी कडक झाल्यामुळें सकाळीं त्यांतून हवा जास्त गळते. मॅग्नेटोच्या बाजूचें सील गेलें तर बाहेरची हवा आंत शिरून मिश्रण पातळ होतें. खूण अशी: अॅक्सिलेटर सोडला तरी इंजिन चढ्या आवाजांत घोंगावतच राहतें, आणि चोक ओढला तर सुधारतें. क्लचच्या बाजूचें सील गेलें तर इंजिन गिअरचें तेल पिऊं लागतें; धूर दाट पांढरा-निळा येतो आणि गिअरचें तेल कारणावांचून घटतें, किंवा त्यास पेट्रोलचा वास येतो. हीं दोन सीलें किंमतीनें क्षुल्लक, परंतु बदलण्यास इंजिन खोलावें लागतें. हें काम घरीं करूं नये असें माझें मत आहे. मीं एकदां केलें, आणि नऊ स्क्रू उरले.

सायलेन्सरबद्दल दोनच शब्द. तेल जळून त्याची काजळी धुराच्या वाटेंत बसते आणि वाट अरुंद होते. जळका धूर बाहेर पडला नाहीं तर ताजें मिश्रण आंत यावयास जागा नाहीं. गाडी सुरू होते, परंतु चढावर दम टाकते. दोन-तीन वर्षांत एकदां ती वाट खरवडून घ्यावी.

निफाडकडे माझ्या साडूंची द्राक्षबाग आहे. तेथें थंडी नाशकाहूनहि कडक. त्यांच्या गवत कापण्याच्या यंत्राचा कार्बुरेटर निराळ्या जातीचा: यंत्र हातांत कसेंहि वांकडें धरतां यावें म्हणून त्यांत हौद नसतो, एक पातळ पडदा असतो, आणि तोच पेट्रोल ओढतो. हा पडदा जुना होऊन ताठरला कीं थंडींत मुळींच हलत नाहीं. यंत्रावरचा पारदर्शक रबरी फुगा सहा-सात वेळां दाबूनहि त्यांत पेट्रोल दिसलें नाहीं, तर नळी चिरलेली आहे असें समजावें. पेट्रोल दिसलें आणि तरी यंत्र सुरू होऊन लगेच मेलें, तर पडदा बदलावा. अतिथंड प्रदेशांत वापरावयाच्या कांहीं करवतींवर तर हिवाळ्यासाठीं एक खिडकीच असते. ती उघडली कीं सिलिंडरजवळची कोमट हवा कार्बुरेटरकडे वळते, नाहीं तर दमट थंड हवेंत पेट्रोलच्या बाष्पीभवनानें कार्बुरेटरच्या तोंडीं बर्फ धरतें. उन्हाळा आला कीं ती खिडकी बंद केली पाहिजे, नाहीं तर इंजिन अति तापतें. आपल्याकडे नाशकांत तेवढी वेळ येत नाहीं.

गाडी एकदां सुरू झाल्यावर माणसाची दुसरी घाई सुरू होते. अॅक्सिलेटर करकचून पिळून इंजिन तापवण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती घातक आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर पुष्कळ गाड्यांत बिडाचा. अॅल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें, आणि स्फोटाची आंच प्रथम लागते ती पिस्टनलाच. गार सिलिंडरांत तापलेला पिस्टन फुगला तर थंड सकाळींहि इंजिन जाम होऊं शकतें. मिनिटभर सावकाश चालूं द्यावें, आणि मग पहिला किलोमीटर संथ न्यावा.

आणि हें मिनिटभर मोकळ्या हवेंत. थंडी वाजते म्हणून दार लोटलेल्या पडवींत किंवा गॅरेजांत इंजिन चालवूं नये. चोक ओढलेल्या इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड फार असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं; बरोबरच्या निळ्या धुराचा वास येतो तोच काय तो इशारा, आणि त्याची नाकास संवय होऊन जाते. डोकें जड होऊन झोंप आल्यासारखें वाटतें तेव्हां पुष्कळदां उशीर झालेला असतो. लहान मुलें तर अशा वेळीं कौतुकानें गाडीजवळच उभीं राहतात.

माझी गाडी आज अडतीस वर्षांहून अधिक वयाची आहे. हिवाळ्यांत मी रात्रीं ती भिंतीच्या आडोशास, गोणपाट पांघरून ठेवतों आणि बंद करतांना आधीं कॉक मिटून हौदांतलें पेट्रोल संपूं देतों, म्हणजे पहाटे शिळें, तेलकट पेट्रोल जेटच्या तोंडाशीं सांचलेलें नसतें. सकाळीं कॉक उघडून अर्धा मिनिट थांबतों. मग चोक ओढून, चावी न फिरवतां, दोन किका हळू मारतों. त्यांनीं तेल सैल होतें आणि मिश्रण पोटांत भरतें. तिसरी किक चावी फिरवून, पायाचा सारा भार देऊन. इंजिन बोलूं लागलें कीं दहापर्यंत अंक मोजून चोक अर्धा आंत, आणि कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत पोंचलों कीं पूर्ण आंत. पांच किकांत ती बोलली नाहीं तर मी खालीं बसून प्लग काढतों. प्लगचा पाना आणि एक कोरडा जुना प्लग डिकींत असतोच.